भिंतीवरचे दोन खिळे

माझ्या मामांइतका नियमाला धरून चालणारा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही, आणि शेजाऱ्यांच्या मते होऊही नये. सकाळी ते गवळी समोरच धार काढून देतात त्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जात. गवळ्यानं पेला पुढे केला की तो कठड्यावर ठेवून शांत उभे राहत. मागे गिऱ्हाइकं खोळंबत, म्हैस शेपटी झाडत राही. "फेस बसू दे. फेस म्हंजे दूध न्हवं," एवढंच ते म्हणत. फेस बसला की पेला पुन्हा काठोकाठ भरून घेत आणि मगच तोंडाला लावत. तरुणपणी नावाजलेले पैलवान, पुढे कुस्तीचे पंच. पण पंचगिरी आखाड्यात ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. एका गणपतीत आमच्या गल्लीनं रस्सीखेच जिंकली. गुलाल उधळून झाल्यावर मामांना दिसलं की आमच्या शेवटच्या गड्यानं टाचेसाठी आधीच खड्डा उकरून ठेवला होता. बक्षिसाची पेढ्यांची पाटी त्यांनी स्वतः डोक्यावर घेऊन हरलेल्या गल्लीत नेऊन दिली. तो गडी त्यांचा जावई होता. जावई दिवाळीला फिरकला नाही, तेव्हा मामा म्हणाले, "रागवू दे की. खड्डा त्येनं काढला, मी न्हाय."

अशा माणसाजवळ वाढल्यावर शिरपा पैलवानाच्या फोटोबद्दल माझं मत काय असणार, हे सांगायला नको. शिरपा बिद्रीकडचा. उमेदीत मैदानं गाजवून नंतर आमच्या तालमीत वस्ताद झाला. निम्म्या तालमीला डाव त्यानंच शिकवले. पण मरण्याआधी त्यानं कबूल केलं होतं की एक कुस्ती आपण ठरवून हरलो. मैदान भरवणाऱ्यांना गावचा गडी जिंकायला हवा होता. कोणती कुस्ती, ते त्यानं चारचौघांत सांगितलं नाही. तो गेल्यावर मंडळी म्हणाली, एवढा मोठा पैलवान, त्याचा फोटो भिंतीवर हवाच. खिळासुद्धा ठोकून झाला. मी रात्रंदिवस पत्रकं काढणारा माणूस. 'नियम मोडणाऱ्याला भिंत नाही' असं पत्रक मी सायक्लोस्टाईल करून वाटलं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी तालमीतले सगळे फोटो पुसतात, आखाड्याच्या हौदातल्या मातीची पूजा मांडतात. त्या दिवशी बैठक होती. मामांनी माझं पत्रक दोनदा वाचलं.

"चांगलं लिवलंयस भाच्या. ह्यातला एक शब्द मागं घ्यायचा न्हाय. कबूल?"

मी छाती काढून म्हणालो, कबूल.

मामांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि भिंतीवरचा स्वतःचाच, खांद्यावर गदा घेतलेला फोटो काढून काखेत धरला.

"शिरपा पडला ती कुस्ती माझ्यासंगं हुती. जाताना त्येनं मला सांगितलं. ही गदा त्याच कुस्तीची. चार म्हयनं जीभ उचलत न्हवती, ह्येच्या कागदानं उचलली."

कुणीतरी म्हणालं, मामा, तवा तुमास्नी काय ठावं हुतं?

"तवा न्हवतं. आता हाय की."

मी पत्रक मागे घ्यायला उठलो. मामांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली बसलो. त्या पंचमीला दोन खिळे रिकामे राहिले.

मामा वारले तेव्हा तालमीची मंडळी माझ्याकडे आली. आता तरी मामांचा फोटो परत लावू, घरून घेऊन ये. मी गेलो. सोप्यात एकाच खिळ्याला दोन फोटो अडकवलेले होते, गदेसह मामा आणि शेजारी लंगोट कसलेला शिरपा. त्याच्या बायकोकडून मामा तो मागून घेऊन आले होते. दर पंचमीला दोघांना मिळून एकच हार, असं मामी म्हणाली. "मी इचारलं, तालमीत नगं म्हणता आन् हितं कसा चालतो? तर म्हणाले, तालमीची भिंत समद्यांची, ही माझी."

मी फोटो आणला नाही. तालमीत जाऊन सांगितलं, लावायचा नाही. लोक मला दगड म्हणाले. ज्यानं आपल्या हातानं उतरवला, त्याचा फोटो पुन्हा चढवणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा ठरवून जिंकवणं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

सकाळी कट्ट्यावर मीही पेला कठड्यावर ठेवतो. मागची गिऱ्हाइकं कुरकुरतात. फेस बसायला आता जास्त वेळ लागतो, की मीच तिथे रेंगाळतो, कळत नाही.