पाच हिरड्यांना साखर

एटापल्लीत कोणाचं पोट बिघडलं, घसा बसला, तोंड आलं किंवा नुसतंच कामावर जायचं जिवावर आलं, तरी लोक आधी केसरबाईच्या दारात उभे राहतात. केसरबाई तक्रार अर्धीच ऐकते आणि आत जाऊन डबा उघडते. डब्यात हिरडा असतो. दुसरं काही नसतंच. उभी हयात तिने वनोपजाच्या गोदामात हिरडा निवडण्यात घालवली. हातात घेतल्याबरोबर न बघता सांगेल, की हा किडका, हा कोवळा आणि हा झाडाखाली ओला झालेला. "हिरडा म्हंजे दुसरी माय," असं ती म्हणते, आणि घेणाऱ्याने तोंड वाकडं केलं की पहिल्या मायेसारखी दटावतेही.

नवरा रामाजी गेल्यापासून घरात ती एकटीच. लेक पिंकी चंद्रपूरला. पिंकीने मोठ्या हौसेने एक कुत्री विकत घेतली होती, पण नवराबायको दोघंही दिवसभर नोकरीवर, तेव्हा सहा महिन्यांतच ती हौस टोपलीत घालून आईकडे आली. केसरबाईने टोपलीवरचा दुपट्टा उचलला. आत मूठभर पांढरा कापूस आणि त्यात दोन काळे डोळे.

"हे काय वं? पिल्लू हाये का?"

"आई, वाढ झाली तिची. एवढीच राह्यते ते जात."

"मंग मांजर पाह्यली तं मांजर हिले खाईन का हे मांजरले?"

पिंकीने ठेवलेलं इंग्रजी नाव केसरबाईच्या जिभेवर बसेना. तिने आपल्या धंद्यातलं नाव ठेवलं, चारोळी. गोदामातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात महाग वस्तू तीच. महिन्याभरात चारोळी केसरबाईच्या पदराआड झोपू लागली, आणि दारात येणाऱ्या जाणाऱ्यावर अशी काही भुंकू लागली, की जणू वाघच राखण करतोय. लोक हसायचे. केसरबाईला मात्र तिचा भारी अभिमान.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी धुकं होतं, थंडी हाडात शिरत होती. केसरबाईने अंगण झाडलं, सडा टाकला, तरी पायात घुटमळणारं कोणी नाही. आत येऊन पाहते, तर चारोळी गोधडीतून उठायला बघतेय आणि पाय वाकडे पडताहेत. दारू प्यायलेल्या माणसासारखी दोन पावलं चालली आणि कोसळली. कान हाताला थंडगार लागले. हाक मारली तर डोळे उघडले, पण ओळख दिसेना.

केसरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "खैरुन! अवं खैरुन, धाव वं!"

शेजारची खैरुन शिलाई मशीन सोडून पळत आली. चारोळीला बघून तिचाही चेहरा उतरला. "हिरडा दे ना हिले," ती म्हणाली. साऱ्या गावाला दिलं जाणारं औषध तिने सुचवलं, आणि काय आश्चर्य, केसरबाईच नको म्हणाली.

"नोको वं. थो पोट साफ करते. हिच्या पोटात हाये का काही? मरन ना ते." आणि एकदम तिचा बांध फुटला. "हे मेली तं मले कोन हाये वं घरात?"

असं ती रामाजीच्या मातीलाही बोलली नव्हती. खैरुनने डोळे पुसले आणि गुरांच्या डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर माने मूळचे सांगलीकडचे. मनाने चांगले, भाषेने पुस्तकी. त्या दिवशी ते लसीकरणाला आतल्या गावात गेले होते, आणि तिथे रेंज मिळाली तर मिळाली. खैरुनने फोन केसरबाईच्या कानाला लावला.

"मावशी, घाबरू नका... उबदार कपड्यात गुंडाळा... तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागेल... हिरड्यांना साखर चोळा... मध असला तरी चालेल... मी निघतोच..." आणि फोन गेला.

केसरबाईने फोन खैरुनच्या हातात परत दिला. मग तिच्या चेहऱ्यावर अशा प्रसंगी न शोभणारा एक उजेड पसरला.

"आयकलं? हिरड्यांना साखर चोळा म्हंते! मीच नाई म्हनत होती. साखर चोळली का थो बाधत नसन. शिकला बाप्पा हा डॉक्टर!"

खैरुनला यात काही खटकलं नाही. हिरडा म्हणजे हिरडा. दातांभोवती जे असतं त्याला इकडे मसुडे म्हणतात, आणि मसुड्यांना दुसरंही काही नाव असेल, हे दोघींपैकी कोणाच्या बापालाही माहीत नव्हतं.

चारोळीला स्वेटरात गुंडाळून खैरुनच्या मांडीवर दिलं आणि केसरबाई कामाला लागली. पण अडचणी काही थोड्या नव्हत्या. बाळहिरडा घ्यायचा की मोठा, हे डॉक्टरने सांगितलंच नव्हतं. म्हणून दोन्ही घेतले. 'हिरड्यांना' म्हणाला, म्हणजे एकाने भागणार नाही, म्हणून पाच घेतले. वाळका हिरडा खारकेसारखा टणक, त्यावर साखर काही ठरेना. मग मोहोळाचा मध आठवला. एकेक हिरडा मधात बुडवून साखरेत घोळवून तिने ताटात मांडला. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईकडे पाहुणे यायचे आहेत.

"आता देशीन कसा?" खैरुनने विचारलं. मोठा हिरडा चारोळीच्या थोबाडापेक्षा थोडाच लहान होता.

केसरबाईने त्यातल्या त्यात लहानसा बाळहिरडा उचलला. चारोळीचे दात घट्ट बसलेले. तिने बोटाने ओठ वर केला आणि कुठून तरी फट मिळेल म्हणून हिरडा दातांवरून फिरवू लागली. इकडून फिरव, तिकडून फिरव. फट काही मिळेना. मध आणि साखर मात्र विरघळून सगळीकडे माखली. पहिला हिरडा कोरडा झाला, दुसरा घेतला. तोंडाने सारखं चालूच, "घे वं माय, घे वं माझी चारोळी, कडू नाई लागत, साखर हाये."

दुसरा हिरडा संपत आला आणि एक इवलीशी गुलाबी जीभ बाहेर आली. केसरबाईचं बोट चाटलं. पुन्हा चाटलं.

"केसरबाई, चाटून राह्यली!" खैरुन ओरडली.

तिसऱ्या हिरड्याला चारोळीने मान उचलली. चौथ्याचा खालचा तुरटपणा जिभेला लागला असावा, कारण तिने नाक मुरडून तोंड फिरवलं आणि केसरबाईकडे नेहमीच्या रागाने बघितलं. ती ओळखीची नजर बघून केसरबाई मोठ्याने हसली आणि हसता हसताच पुन्हा रडली.

आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. केसरबाई बुद्धाला वंदन करणारी, देवावर तिचा भरवसा नाही. त्यामुळे ही गाय कोणी राखली, ते ज्याचं त्याने ठरवावं.

उन्हं वर आली तेव्हा डॉक्टरची मोटरसायकल दारात थांबली. चारोळी भुंकली. आवाज बारीक होता, पण भुंकली. डॉक्टरांनी तिला तपासलं, मान हलवली. "वेळेवर केलंत मावशी. रक्तातली साखर उतरली होती हिची. हिरड्यांना नीट चोळलीत ना?"

"चोळली ना जी. पाचही हिरड्यांले."

"पाच?" डॉक्टरांनी चारोळीचं तोंड उघडून पुन्हा बघितलं.

"चार संपले, एक ताटात हाये." केसरबाईने ताट पुढे केलं.

डॉक्टर ताटाकडे बघत राहिले. मग ते ओट्यावर बसलेच. हसून हसून त्यांचा चष्मा खाली पडला. खरा प्रकार कळला तेव्हा खैरुनने कपाळावर हात मारला, पण केसरबाई हार मानेल तर शपथ. "मंग सरळ मसुडे म्हना लागत होतं ना डॉक्टर साहेब! आमच्या जंगलात हिरडा झाडाले लागते, कुत्र्याच्या तोंडात नाई!"

"चुकलं माझं," डॉक्टर कबूल झाले. मग जरा गंभीर झाले. "पण साखर उतरली कशाने, ते बघू. एवढासा जीव, याच्या पोटात साठा नसतो. किती वेळा खायला देता हिला?"

"माह्या संगच खाते ना. मी जेवतो तवा."

"तुम्ही किती वेळा जेवता?"

केसरबाई पदराशी चाळा करू लागली. खैरुनही तिच्याकडे बघू लागली. इतकी वर्षं शेजारी राहून हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"एक डाव," केसरबाई म्हणाली. "एकटीसाठी कोन चूल पेटवत बसते."

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. निघताना एवढंच म्हणाले, "हिला दिवसातून चार वेळा थोडं थोडं लागेल. उपास चालणार नाही. हिला."

आता केसरबाईच्या घरातून दिवसाला चार वेळा धूर निघतो. चारोळी हट्टी निघाली. वाटीत तिच्या एकटीसाठी भात टाकला तर हुंगूनही बघत नाही, केसरबाई समोर बसून घास घेईपर्यंत थांबते. त्यामुळे केसरबाईलाही चार वेळा बसावं लागतं. खैरुनने तिची तीन पोलकी उसवून सैल करून दिली आहेत.

रोज संध्याकाळी पिंकीचा फोन येतो. "आई, जेवली का?" या प्रश्नाला केसरबाई इतकी वर्षं "हो" म्हणत आली, आणि बहुतेक वेळा ते खोटं असायचं. आता ती वैतागून विचारते, "कोनतं जेवन विचारून राह्यली वं?"