डाव्या स्टेअरिंगची गाडी

बसऱ्याहून कायमचं घरी परतायचं ठरलं तेव्हा पलंग, कपाट, शिवणयंत्र, सगळं विकून टाकायला मी तयार होते. मोटार तेवढी विकणार नव्हते.

ती अमेरिकन बनावटीची गाडी माझ्या नवऱ्यानं बंदराच्या कचेरीतल्या एका साहेबाकडून घेतली होती. तिकडं वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगानं जातात, म्हणून गाडीचं स्टेअरिंग डावीकडं. खजुरीच्या बागांपलीकडं खारवट माळ होता, तिथं ह्यांनी मला ती चालवायला शिकवली. निपाणीजवळच्या आमच्या गावात बैलगाडीचा कासरासुद्धा माझ्या हाती कुणी दिला नव्हता. त्या माळावर गाडी पहिल्यांदा माझ्या हातानं वळली, तेव्हापासून ती माझी झाली.

"आपल्याकडं रस्त्याच्या डाव्या अंगानं जायचं असतंय," हे म्हणाले. "फुडं बैलगाडी आली तर तिच्या पलीकडचं मला दिसायचं न्हाय."

"मला दिसंल की. मी उजवीकडं बसणार हाय न्हवं?"

युरोपात लढाई पेटली होती, जहाजात जागा मिळेना. बऱ्याच खटपटीनंतर आम्ही आणि गाडी एकाच बोटीनं निघालो. मुंबईच्या गोदीत जाड दोरांच्या झोळीत घालून तिला बोटीवरून उचललं, तेव्हा ती हवेत हळूहळू फिरत होती. चाकं जमिनीला टेकली. जकातीच्या कचेरीतले हेलपाटे संपले आणि आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो.

कात्रजच्या घाटात आमच्यापुढं गुळाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. मी "थांबा" म्हणत असतानाच ह्यांनी गाडी बाहेर काढली. समोरून मोटारबस येत होती. ह्यांनी कसंबसं तिला परत आत घेतलं. मग ह्यांनी विचारलं, "आता जाऊ?" तिथून निपाणीपर्यंत माझ्या शब्दाशिवाय त्यांनी एकही गाडी मागं टाकली नाही.

घरी माझे सासरे, आप्पा, गाडीभोवती फिरून आले. तंबाखूची शेती करणारा करडा माणूस. "ह्यो गाडा उलटा हाय," ते म्हणाले. "मी बसायचा न्हाय ह्यात."

पण खरी अडचण बेळगावात उभी राहिली. नोंदणीसाठी गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं सगळं नीट पाहिलं आणि ह्यांना विचारलं, "उजवीकडं वळताना हात कसा दाखवणार? तुम्ही तर डावीकडं बसता."

"मी दाखवते," मी म्हणाले.

"आणि तुम्ही एखाद्या दिवशी घरी राहिलात तर?"

माणूस वाईट नव्हता. चालवणाऱ्याला जागेवरून उजवीकडं खूण दाखवता येईल असं काहीतरी बसवून आणा, मगच नंबर देतो, असं त्यानं सांगितलं.

आप्पांनी ऐकलं आणि लगेच निकाल दिला. "इंजिन काढून हिरीवर बसवू. पाणी तरी निघंल."

मी म्हणाले, "आप्पा, एकदा बेळगावला परत जाऊन येऊ द्या. न्हाय जमलं तर मग काढा इंजिन."

मी सुताराला बोलावलं. सागवानी फळीवर माझाच पंजा ठेवून कोळशानं रेघ मारली आणि तसा हात त्याच्याकडून कापून घेतला. त्याला तांबडा रंग दिला. तो उजव्या दाराच्या पुढं बिजागरीवर बसवला आणि त्याची दोरी आत ह्यांच्या हाताशी आणली. दोरी ओढली की हात आडवा व्हायचा. तवंदीच्या घाटात पाहिलं, तर वाऱ्यानं तो मागं जाऊन पत्र्यावर आपटायला लागला. ह्यांनी गाडी थांबवली आणि कपाळ पुसलं.

मला घरची खिडकी आठवली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून आपण आकडा लावतो, तसा आकडा ह्या हाताला का नको? लोहाराकडून दोरीच्या जागी लोखंडी कांब करून घेतली. ती ओढून खाचेत अडकवली की हात आडवा ताठ राही. पुन्हा घाटात गेलो. वारा तसाच होता. हात हलला नाही.

बेळगावात त्या अधिकाऱ्यानं हाताला धरून जोर लावून पाहिला, मग ह्यांना गाडी वळवून आणायला लावली. "चालेल," तो म्हणाला आणि कागदावर सही केली.

"आता माझा परवाना," मी म्हणाले.

त्यानं ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "चालवती ती. माझ्यापेक्षा सावकाश, पण चांगली."

तो माझ्या उजवीकडं बसला आणि आम्ही हिंडलग्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत कडब्याच्या गाड्यांची रांग लागली. मला पुढचं काही दिसेना, म्हणून मी त्यांच्यामागं बैलांच्या चालीनं चालवत राहिले. घाई केली नाही. थोड्या वेळानं त्या अधिकाऱ्यानंच मान बाहेर काढली आणि म्हणाला, "मोकळं आहे. घ्या पुढं." मी कांब ओढली, तांबडा हात बाहेर आला, आणि आम्ही रांग मागं टाकली.

कचेरीत परतल्यावर त्यानं परवाना लिहिला. "बाईला मी दिलेला हा पहिलाच," असं म्हणून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

निपाणीपर्यंत मीच चालवली. बाजाराचा दिवस होता. पेठेत लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते आणि माझी मान काही केल्या खाली जाईना. तंबाखूच्या वखारीपुढं आप्पा उभे होते. बैलगाडीनं घरी पोचेस्तोवर अंधार व्हायचा, आणि आम्ही जैन दिवस मावळल्यावर जेवत नाही, त्यामुळं बाजाराच्या दिवशी ते नेहमी उपाशीच झोपायचे.

त्यांनी उन्हाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "दिवस बुडायच्या आत पोचवतीस?"

"बसा की."

हे मागं गेले, आप्पा पुढं बसले आणि वाटभर दाराला घट्ट धरून राहिले. घरी पोचलो तेव्हा अंगणात अजून पिवळं ऊन होतं. सासूबाईंनी घाईघाईनं ताट वाढलं. आप्पांनी गरम भाकरी खाल्ली, आणखी एक मागून घेतली. हात धुवून ओसरीवर आले आणि मला म्हणाले, "फुडच्या बाजाराला बी येतीस न्हवं, पोरी?"

"व्हय आप्पा," मी म्हणाले.