पंधरातली आणि तेरातली इरावती

इरावती घोरपडे आयर्लंडमधल्या आमच्या ओंगारच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली, तेव्हा ती एका कंपनीत डेटाचं काम करते एवढंच आम्हाला माहीत होतं. एका रविवारी पोहे खाताना माझ्या बायकोने, मेधाने, विचारलं, "तुझा डावा कान असा चुरगळल्यासारखा का गं?"

"रग्बी, ताई. पुढच्या फळीत होते. डोक्याला डोकी घासून होतं असं. भारताकडून खेळलेय मी."

मेधाला वाटलं, ही चेष्टा करतेय. मग तिने फोनवर फोटो दाखवला. निळी जर्सी, सगळ्या चिखलाने माखलेल्या, आणि मधोमध ही.

इरावती मूळची कराडची. पुण्यात कॉलेजला असताना कबड्डी खेळायची. तिने घोटा धरला की समोरची सुटायची नाही. ते बघून एका सरांनी तिला रग्बीला नेलं. तीन वर्षांत ती भारताच्या संघात गेली, पंधरा जणींच्या रग्बीत, ज्याला युनियन म्हणतात. पाच सामने खेळली. पाचव्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ऑपरेशन झालं, आणि वर्षभराने ती मास्टर्सला आयर्लंडला आली. खेळ संपला, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

तो पुन्हा सुरू झाला तो ओर्लामुळे. ओर्ला तिच्याच ऑफिसातली, संध्याकाळी बायकांच्या संघाची कोच. पण तिचं रग्बी वेगळं, तेरा जणींचं. त्याला लीग म्हणतात, आणि इथे ते उन्हाळ्यात खेळतात. "ये तर खरी," ओर्ला म्हणाली, "गुडघ्याचं काय ते बघू. ग्रँड होईल सगळं." इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक.

पहिल्या सामन्याला मीच तिला गाडीने घेऊन गेलो. अर्ध्या तासात रेफ्रीने तिच्याविरुद्ध तीनदा शिट्टी वाजवली. युनियनमध्ये समोरचीला पाडलं की तिथेच चेंडूवर झडप घालायची. लीगमध्ये पाडलं की सोडायचं. पडलेली उठते, चेंडू पायाने मागे सरकवते, खेळ पुढे चालू. इरावतीचे हात काही सुटत नव्हते.

येताना गाडीत ती बुटांचा चिखल खरवडत बसली. मग म्हणाली, "शैलेंद्रदादा, तिकडे ज्याला शाबासकी मिळायची, त्यालाच इथे शिक्षा आहे."

"मग सोडून देणार?"

"छे! सराव करणार. तुम्ही उभे राहाल का?"

त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या हिरवळीवर मी पोटाला उशी बांधून धावायचो आणि ती मला पाडायची. पाड, सोड, मागे हो. मेधा खिडकीतून पेनल्टी द्यायची. ऑगस्टपर्यंत माझी कंबर कामातून गेली होती, पण इरावतीचे हात वेळेवर सुटायला लागले होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात तिला आयर्लंडच्या संघाचं बोलावणं आलं. देशात पाच वर्षं राहिलेल्या खेळाडूला तिथे घेता येत होतं, आणि तिची सहा झाली होती. आम्ही पेढे आणले. ती मात्र दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी तिने पुण्याला पूर्णिमाला फोन लावला. पूर्णिमा म्हणजे भारतीय संघातली तिची कॅप्टन. स्पीकर चालू होता.

"ती जर्सी घातल्यावर ही घालणं बरं दिसेल का गं?"

"वेडी आहेस का? दोन्ही खेळांत देशाच्या संघात गेलेल्या आपल्यातल्या किती जणी आहेत? बिनधास्त खेळ. फक्त आमच्यासमोर आलीस तर सोडणार नाही."

इरावती हसली, आणि त्या रात्री दोनदा भात घेतला.

आयर्लंडकडून तिच्या पहिल्या सामन्याला तिची आई शोभनाकाकू कराडहून आल्या होत्या. मेधाचं जाड जॅकेट घालून आमच्यामध्ये बसल्या. इरावती बदली खेळाडू होती. उत्तरार्धात आत आली. पहिल्याच धडकेत ती आडवी झाली.

"पाडलं की गं तिला!" काकू उभ्याच राहिल्या.

"उठेल ती, काकू."

उठली. नंतरच्या अर्ध्या तासात तिने बावीस वेळा समोरचीला पाडलं आणि एकदाही शिट्टी वाजली नाही. मागच्या रांगेतल्या आयरिश बाईने काकूंना विचारलं, सोळा नंबर तुमची का? काकू म्हणाल्या, "येस. माय डॉटर," आणि पिशवीतला लाडू तिच्या हातावर ठेवला.

आयर्लंड चार गुणांनी हरलं. इरावती चिखलासकट आईच्या गळ्यात पडली.

"हरलासा न्हवं? मग हसतीस का?"

"आई, मला परत असं खेळायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

काकूंनी पदराने तिचं तोंड पुसलं. "बरं झालं मग," म्हणाल्या.

तेराच्या रग्बीतही ती तीन आंतरराष्ट्रीय सामने खेळली आणि यंदा, चौतिसाव्या वर्षी, थांबली. आता इथून दूर, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर स्लायगोला राहते. काम घरूनच असतं, आणि बुधवारी ती तिथल्या बायकांना लीग शिकवते. दोघी नर्स आहेत, एक शाळेत शिकवते, एकीचं दुभत्या गाईंचं फार्म आहे. संघात सध्या अकराच जणी. परवा फोनवर मेधाला म्हणाली, "अजून दोघी मिळाल्या की सामना ठरवते."