खडखडाटातली झोप

वळ गावातल्या गोदामात मला काम मिळालं, पण परवडतील अशा दोन्ही पाळणाघरांनी माझी मुलगी परत पाठवली. दुपारी झोपत नाही, रडून बाकीच्यांना उठवते, म्हणाले.

तिसऱ्या ठिकाणी गावातलीच एक बाई, ओटीवर चार पोरं सांभाळणारी. दुधाचं, औषधाचं तिनं काहीच विचारलं नाही.

"राहता कुठं?"

"पॉवरलूमला लागून खोली आहे. रात्रंदिवस माग चालू."

"मंग शांत जागी हिला झोप कशी येल?"

तिनं मुलीला झोळीत टाकलं, शेजारची जुनी शिलाई मशीन उघडली आणि कापड न लावताच पायडल मारू लागली. खडखडाट सुरू झाला तशी मुलगी पेंगुळली. मी दारातच उभी.

पाय न थांबवता ती म्हणाली, "जा बाय ड्युटीला. तुझं घर हितं चालू हाय."