इब्राहिमभाईंचा डावा हात

इब्राहिमभाईंबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांच्याबद्दल फारसं ठाऊक नाही. त्यांचं आडनावही मी कधी विचारलं नाही. देवळाली कॅम्पात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिच्यात एकच घोडी, शबनम. तिच्यावरून नवरदेवांच्या वराती निघत. बँड कितीही वाजो, भाई तिच्या डाव्या अंगाने चालत, उजवा हात तिच्या गालाखाली. लगाम नुसता नावाला.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून मी सकाळी तिथे जरा टेकायचो.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि भाईंचा तो उजवा हात गेला. जावई इमरान म्हणाला, "अब्बा, घोडी विकू आता. बिथरली तर नवरदेव पडेल."

त्याचंही चूक नव्हतं. भाईंनी लग्नसराईपर्यंत मुदत मागितली आणि ते शबनमच्या उजव्या अंगाला उभे राहू लागले. त्या बाजूला माणसाची तिला सवय नव्हती. मान झटकून ती दूर सरायची. भाई डाव्या तळव्यावर गूळ घेऊन तसेच उभे.

त्याच सुमारास नात योगिनीने मला एक गंमत सांगितली. मी ती बिचकतच भाईंना सांगितली.

"भाई, इंग्रजीतला 'मॅनेज' मुळात घोड्यांचा शब्द. इटलीत घोडा हाताळायला, शिकवायला जो शब्द होता, त्यातून आला. त्याच्याही मुळाशी हातच."

"म्हणजे अंबडच्या कंपन्यांतले मॅनेजर सगळे घोडेवाले?"

"मुळात तसंच."

"मग एकलहरेवाले, त्यांना सांगा, हात चालेनासा झाला की इकडे या. मीपण शिकतोच आहे."

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात गल्लीतल्याच कारभारी मिस्त्रींच्या मुलाची. इमरान डावीकडून लगाम घट्ट धरून होता. फटाक्यांची माळ लागली तसे शबनमचे कान मागे गेले, पाय थबकले. भाईंनी उजवीकडून डावा हात तिच्या गालाखाली नेला. ती क्षणभर फुरफुरली, मग मान त्यांच्याकडे झुकवून चालू लागली. इमरानने लगाम सैल सोडला. विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

उन्हाळा लागायच्या आत भाई झोपेतच गेले. आदल्या सकाळी मी पिशवी घेऊन शेडवरून चाललो होतो.

"बाजारात का?"

"हो."

"पाव किलो गूळ आणाल? काळा बघा. पिवळा ती तोंडात धरत नाही."

"आणतो."

"सावकाश आणा. घाई नाही."