बर्फाच्या लादीवर दोन बूट

मोठ्या बहिणीचं सगळं माझ्याकडे यायचं. गणवेश, दप्तर, कंपासपेटी, पुढे तिची सायकलसुद्धा. फक्त चपला-बूट येत नसत. तिचे शाळेचे काळे बूट लहान झाले की पप्पा ते कागदात गुंडाळून घराबाहेर घेऊन जात आणि रिकाम्या हाताने परत येत. जूनमध्ये मला नवे बूट मिळत. मिशनच्या आमच्या शाळेत बऱ्याच मुली ताईचे बूट पुढे कापूस कोंबून घालायच्या. त्यामुळे आपण श्रीमंत आहोत असं मला काही वर्षं वाटत होतं. पण आमच्या घरातले पडदे आईच्या जुन्या साड्यांचे होते, तेव्हा ते काही जुळत नव्हतं. मी विचारलं नाही. आमच्याकडे विचारायची फारशी पद्धत नव्हती.

पप्पा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. रविवारी सकाळी जुनं वर्तमानपत्र पसरून ते घरातले सगळे बूट ओळीने मांडत आणि स्वतः पॉलिश करत. नवे बूट घेताना दुकानात खाली बसून अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघत. “बरोबर मापात बसले पाहिजेत,” एवढं एकच त्यांचं म्हणणं असायचं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीत हिमाचलात मुलींचं एक शिबिर होतं. शेवटच्या गावापर्यंत सायकलने जायचं आणि तिथून पुढे बर्फात पायी. आमच्या कॉलेजातून मी एकटीच निवडली गेले होते. मी मैदानावर कधी कुणाच्या नजरेत भरले असेन असं मला वाटत नाही. पण सायकल मी रोज चालवायची आणि दमायची नाही, हे कुणीतरी पाहिलं असावं. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी घरात कुणाला कळू दिलं नाही.

शिबिराच्या सूचनांचा एक इंग्रजी कागद आला होता. त्यात बुटांबद्दल बरंच काही होतं. घोट्याच्या वर येणारे हवेत, तळ जाड हवा, आत लोकरीचे दोन मोजे घालूनही बोटं हलली पाहिजेत आणि बूट निघण्यापूर्वीच पायाला सवयीचे झालेले हवेत. पप्पांनी कागद वाचून घडी करून परत दिला.

“आधी बूट बघू,” ते म्हणाले. “नीट बूट मिळाले तर जा.”

हा होकार नव्हता आणि नकारही नव्हता. जळगावात ऑक्टोबरमध्येही दुपारी डांबर मऊ असतं. तिथे बर्फातले बूट कोण ठेवणार?

फुले मार्केटमधला दुकानदार तर हसलाच. “साहेब, आपल्याकडे बारा महिने उन्हाळा. गरम बूट ठेवून मी काय म्युझियम काढू?” मग त्याने माळ्यावरून एक खोकं काढलं. “गमबूट देऊ? केळीला पाणी भरणारे नेतात.” गमबूट नको म्हटल्यावर त्याने मुलांचे तपकिरी चामड्याचे बूट काढले. घोट्यापर्यंत येणारे, चकचकीत. साध्या मोज्यांवर ते मला छान बसले. पप्पांनी अंगठ्याने टोक दाबलं.

“एकदम मापात,” दुकानदार म्हणाला.

मी पिशवीतून लोकरीचे मोजे काढले. दोन जोड चढवल्यावर पाय आत जाईना. एका जोडावर कसाबसा गेला.

“चामडं आहे ताई, सैल पडतं. घालून घालून होईल.”

“एक नंबर मोठा आहे का?” मी विचारलं.

“आहे ना. पण त्यात तुम्ही पोहाल.”

“सैल नको,” पप्पा म्हणाले, आणि तिथेच ठरलं.

त्यानंतर मी पहाटे ते बूट घालून मेहरूण तलावाकडे सायकल मारायला लागले. सायकलला ते फार चांगले होते, हे कबूल करायला हवं. तळ कडक, रुंदीला बेताचे, पॅडलवरून पाय सरकत नव्हता. पण लोकरीचे मोजे घातले की तलावापर्यंत पोचेस्तोवर बोटांना मुंग्या यायच्या. त्याही जळगावात, घाम येत असताना. तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींनी मला लगेच हेरलं. “काय बेटा, बर्फाचा काही पत्ता?” असं एक आजोबा रोज विचारायचे. दूधवाल्याने माझं नाव ‘काश्मीर’ ठेवलं होतं. मी मान खाली घालून पुढे जायची.

जायच्या तयारीच्या दिवसांत एकदा जेवताना आईने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “नरडाण्याच्या नानांकडे होते बर्फातले बूट. लडाखला होते ना ते.”

नाना म्हणजे पप्पांचे चुलत काका, फौजेतून निवृत्त होऊन गावी शेती करणारे. पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि दुसराच विषय काढला. आईने दोन दिवस वाट पाहिली. मग पप्पा साइटवर गेलेले असताना आम्ही दोघी सुरत पॅसेंजरने नरडाण्याला गेलो.

नानांचं घर बौद्धवाड्यात, अगदी कडेला. ते ओट्यावरच बसले होते.

“ये वं बेटा, ये. बर्फ मा कोन चालनं? तू का तुनी माय?”

त्यांनी आतून एक पोतं आणलं. त्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि काळे, जाड, आतून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, लावलेले बूट. चामड्याला तेलाचा वास होता. मी दोन मोजे चढवून पाय घातला. पुढे जागा होती. बोटं एकेक करून हलवता आली. टाच मात्र नाड्या आवळल्यावर जागेवरून हलत नव्हती.

“तुम्हाला लागत नाहीत का नाना?” आईने विचारलं.

“आठे गावमा या बूट घालीसन मी काय बाजरी कापू?” मग ते माझ्याकडे वळले. “पायले मोहरीनं तेल लाव. अन् झोपतांना बी बूट काढू नको. चोरी जातीन.”

शिबिराच्या कागदात नेमकं उलट लिहिलं होतं. झोपताना बूट काढायचे, मोजे बदलायचे, घामाचा ओलसरपणा राहू द्यायचा नाही. मी नुसती मान हलवली.

“तुना बाप काय म्हने?”

“यांना अजून सांगितलं नाही,” आई म्हणाली.

नानांनी पोतं माझ्याकडे सरकवलं. “मंग लई जाय. बठ्ठं तो म्हनी तसंच चालाले पायजे का?”

घरी आल्यावर मी ते बूट दाराशी, ओळीच्या शेवटी ठेवले. पप्पांनी आल्या आल्या पाहिले.

“कोणाचे?”

“नानांचे.”

“परत करून ये.”

“तपकिरीत दोन मोजे जात नाहीत, पप्पा.”

“मग एक घाल. नाही जमलं तर जाऊ नको.” ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यांनी आपले बूट काढून ओळीच्या दुसऱ्या टोकाला, नानांच्या बुटांपासून लांब ठेवले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मेथी निवडत होती. मी समोर बसून काड्या बाजूला करत होते. तिने वर न बघता सांगितलं. पप्पांच्या लहानपणी गावात आजोबांना कामाचा मोबदला म्हणून धान्य मिळायचं, त्याबरोबर कधी मालकाच्या घरचे उतरलेले कपडे, कधी जोडे. असा एक जोडा घालून पप्पा शाळेत गेले. मालकाचा मुलगा त्याच वर्गात होता. त्याने तो ओळखला आणि सगळ्यांसमोर काढायला लावला. पप्पा अनवाणी घरी आले.

“तुला त्यांनी सांगितलं?” मी विचारलं.

“नाही. सासूबाईंनी. आणि तू मला विचारलं नाहीस, मी तुला सांगितलं नाही.”

तिने मेथी उचलून पाण्यात टाकली.

आता मला घरातला बुटांचा नियम कळला होता, आणि त्यामुळे माझी अडचण वाढली होती. पप्पांशी वाद घालायचा तर मला हे माहीत आहे हे त्यांना कळलं असतं. ते मला नको होतं, आणि त्यांनाही नकोच असणार. तपकिरी बूट घालून गेले तर बर्फात पाय बधिर होणार. न जाणं हा तिसरा पर्याय होता आणि घरात सगळ्यांना तोच सोयीचा होता. मी दोन दिवस विचार केला. पप्पांना भावनेची भाषा चालत नाही, पण मोजमापाची चालते. धरणाच्या कामावरचं काँक्रीटसुद्धा ते ठोकळे पाडून, दाबून बघितल्याशिवाय मान्य करत नसत.

“दोन्ही बुटांची चाचणी घ्यायची,” मी जेवताना म्हणाले.

“कुठे?”

“बर्फाच्या कारखान्यात.”

आईने ताटातून मान वर केली. पप्पा बराच वेळ चावत राहिले. “रविवारी,” ते म्हणाले.

बर्फाचा कारखाना स्टेशनच्या मागच्या बाजूला होता. आत अमोनियाचा वास, जमिनीवर ओला भुसा, पायाला गोणपाट गुंडाळलेली माणसं लोखंडी आकड्याने लाद्या ओढत होती. मी डाव्या पायात तपकिरी बूट घातला, उजव्यात नानांचा काळा. तपकिरीत एक मोजा, काळ्यात दोन. जो जसा घालता येतो तसाच, असं पप्पांनी ठरवलं होतं.

“ताई, जोडी चुकली का घरून निघताना?” एकाने विचारलं.

“हिमालयात जायचंय तिला,” पप्पा म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

“हिमालयात? आम्ही तर रोजच जातो, साहेब.”

सगळे हसले. मी खांबाला धरून लादीवर उभी राहिले. पप्पा घड्याळाकडे बघत होते. सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर होत्या, आणि मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटत होतं. पण मी हलले नाही. आधी डाव्या पायाची करंगळी झोंबली, मग सगळी बोटं. मग झोंबणं थांबलं, आणि ते बरं लक्षण नव्हतं.

“डाव्या पायाची बोटं कळत नाहीत.”

“उजव्या?”

“हलतात.”

“तुझा डावा पायच गार पडत असेल. उलटे घालून बघ.”

मी खाली उतरून पाय गरम केले, बूट बदलले, पुन्हा उभी राहिले. या वेळी उजवी बोटं बधिर झाली आणि डावी शाबूत राहिली. तोपर्यंत काम करणाऱ्यांनी काम थांबवलं होतं. “काळा जिंकला,” कुणीतरी म्हणालं.

“उतर,” पप्पा म्हणाले.

मला वाटलं घरी जायचं. पण ते जवळच्या लाकडी खोक्यावर बसले. त्यांनी आपल्या एका बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि माझ्या हातात दिला. त्यांच्या राखाडी मोज्याला टाचेपाशी रफू केलेलं होतं. “तो इकडे दे,” ते म्हणाले. मी नानांचा एक बूट काढून दिला. तो माझ्या पायामुळे आतून अजून गरम असणार. त्यांनी पाय आत घातला आणि सावकाश, प्रत्येक भोकातून ओढून, नाडी बांधली. इतका वेळ नाडी बांधताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग ते उठले आणि तो पाय लादीवर ठेवून, सगळा भार त्याच्यावर टाकून उभे राहिले. ते बुटाकडे बघत नव्हते. समोर भिंतीकडे बघत होते.

“साहेब पण निघाले का?”

“बघतोय,” पप्पा म्हणाले.

मी त्यांचा बूट हातात धरून उभी होते. रविवार असल्यामुळे त्यावर ताजं पॉलिश होतं आणि माझ्या बोटांना ते लागलं.

बऱ्याच वेळाने ते खाली उतरले. “गार लागत नाही,” ते म्हणाले. “हवा राहते आत. हेच ने.” परतताना त्यांनी वाटेत स्कूटर थांबवून नाड्यांचा एक नवा जोड घेतला.

पुढचं थोडक्यात सांगता येईल. सायकलवर नानांचे बूट जडच होते. रुंद असल्यामुळे पॅडलच्या दांड्याला घासायचे, आणि नाड्यांची टोकं आत खोचली नाहीत तर साखळीत जायची. चढावर सगळ्यांत मागे मी असायची. पण सकाळी उतारावर वारा लागायचा आणि पाय पॅडलवर नुसते ठेवलेले असायचे, तेव्हा इतर मुली उतरून पाय आपटायला लागायच्या. एकीचे नवे बूट माझ्या तपकिरीसारखेच मापात होते. बर्फात पोचल्यावर तिची बोटं कितीतरी वेळ चोळावी लागली, आणि ती रडली. रात्री मी बूट काढून मोजे बदलत होते. नानांचं तेवढं ऐकलं नाही.

परत आल्यावर मी बूट पुसून, पाला घालून पोत्यात भरले. ते पोचवायला पप्पा स्वतः निघाले. गावाकडे ते सहसा जात नसत. गेले तरी लग्नाला जायचे आणि जेवून लगेच निघायचे. त्या दिवशी ते सकाळच्या गाडीने गेले आणि शेवटच्या पॅसेंजरने परत आले. हातात बाजरीची पिशवी होती, आणि तेच पोतं.

“नानांना सैल होतात आता,” ते म्हणाले. “पाय बारीक झालेत त्यांचे.”

त्यांनी पोत्यातून बूट काढले, पाला झटकला आणि ते ओळीत आपल्या बुटांच्या शेजारी ठेवले. त्या हिवाळ्यात पहाटे कालव्यावर पाणी सोडायला जाताना ते तेच घालत.