वेशीवरचा म्हातारा

२०२४ साल, माझं वय त्र्याहत्तर. चिकपेटातल्या माझ्या शिवणकामाच्या दुकानात एक तरुण टेबलावर अंथरायचं कापड शिवून घ्यायला आला. बेळगावकडचा असावा, मराठी बोलला. नाव मी विचारलं नाही.

"स्वल्प बस की रे," म्हटलं तरी बसेना. बोटभर उंचीचे सैनिक आणि पुठ्ठ्याची एक वेस खिशातून काढून माझ्या कापायच्या टेबलावर मांडी, उचली, पुन्हा मांडी. राजे-राक्षसांच्या कुठल्याशा कादंबरीवर पटावरचा खेळ निघालाय, त्याचा पुढचा भाग हा तयार करत होता. त्यातला एक म्हातारा पहारेकरी त्याला छळत होता.

"कादंबरीत हा वेस सोडत नाही, तिथंच मरतो," तो नखं चावत म्हणाला. "म्हणून मीही नियम केला, याला हलवायचं नाही. पण खेळणारे याच्याकडं बघतच नाहीत, अण्णा."

"नियम बरोबर आहे. मर्दानं जागा सोडू नये!"

माझा मुलगा शहराच्या टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्याच्या घरी राहायला बोलवून थकला होता. दुकान सोडणार नाही, अशी शपथच होती माझी.

तो तरुण पहिल्यांदाच स्थिर उभा राहिला. "हलताच येत नसेल तर शूर कसला, अण्णा? खांब झाला तो. जाता येत असून थांबला, तर शूर."

मग म्हाताऱ्याला त्यानं वेशीतून एक घर पुढं सरकवलं, हसला, आणि कापड घेऊन गेला. दिवसभर माझी शिवण वाकडी पडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला फोन केला. "चार दिवस येतो. पण दुकान बंद केलेलं नाही, लक्षात ठेव."